पोवळ्याची वाट आणि घडवणारा हात

चिंचोटी म्हटले की पावसाळी धबधबा आठवतो, फार तर महामार्गावरून कामणमार्गे भिवंडीकडे फुटणारा रस्ता आणि त्यावरची अवजड वाहनांची रांग. याच फाट्यावर नकाशा उघडून बसले तर वायव्येला हाकेच्या अंतरावर सोपारा दिसतो आणि आग्नेयेला उल्हास नदीच्या काठी कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत ही दोन्ही बंदरे ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ अशा नावांनी नोंदलेली आहेत. म्हणजे आजची चिंचोटी जिथे आहे ती जागा दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राला ठाऊक असलेल्या दोन पेठांच्या दरम्यान पडते. युरोपातल्या केल्ट लोकांच्या कलेवर आणि धातुकामावर पूर्वेचा प्रभाव किती, हा वाद तिकडच्या विद्यापीठांत शंभरएक वर्षे चालू आहे. त्या वादातली ‘पूर्व’ म्हणजे कधी इराण असते, कधी रशियाचा गवताळ प्रदेश, तर कधी थेट भारत. आपण त्या ‘पूर्वे’च्या काठावर उभे असल्यामुळे हा प्रश्न इथून तपासण्याला एक फायदा आहे. प्रभाव घेणारा आणि देणारा अशा दोन्ही भूमिका या किनाऱ्याने बजावल्या आहेत, आणि दोन्हींचा धातूतला पुरावा आपल्याकडे आहे. तो शेजारी ठेवून पाहिला की एक गोष्ट ठळक होते. दोन वस्तूंमधले साम्य, किंवा परमुलखातला माल सापडणे, यांतून प्रभाव सिद्ध होत नाही. स्थानिक कारागिराने त्या मालाचे पुढे काय केले, त्याच्या हाताची खूण कुठे उमटली, तिथेच प्रभाव शोधावा लागतो.

केल्ट हे कुठल्या राज्याचे नाव नव्हते. आल्प्सच्या उत्तरेला पसरलेल्या अनेक टोळ्यांना ग्रीकांनी दिलेले ते सरसकट नाव. पुरातत्त्वात त्यांच्या संस्कृतीचे दोन मोठे टप्पे मानतात. पहिला ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणींच्या गावावरून हालश्टाट, दुसरा स्वित्झर्लंडमधल्या सरोवराकाठच्या जागेवरून ला तेन. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यावर या दुसऱ्या टप्प्याची कला जवळजवळ अचानक अवतरते. वेलींचे पीळ, त्यांतून डोकावणारे अर्धवट चेहरे, प्राणी की पान हे कळू न देणारे आकार, आणि हे सगळे कांस्यात, सोन्यात, लोखंडी तलवारीच्या म्यानावर. पॉल याकोब्स्टाल या जर्मन अभ्यासकाने या कलेचा पाया घालणारा ग्रंथ लिहिला. ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याला मारबुर्ग विद्यापीठातून जावे लागले, तो ऑक्सफर्डला आला आणि १९४४ साली त्याचा ‘अर्ली केल्टिक आर्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या कलेला बालपणच दिसत नाही, हे कोडे त्याला सतावत होते. त्याने तीन मुळे सांगितली: ग्रीक-इट्रुस्कन कला, हालश्टाटची जुनी भौमितिक परंपरा आणि पूर्व. पहिल्या दोहोंबद्दल फारसा वाद झाला नाही. तिसऱ्याबद्दल मात्र याकोब्स्टालही चाचपडतच बोलतो, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या चाचपडण्यालाच सिद्धान्ताचे रूप दिले. इराणी, सिथियन, थ्रेशियन अशी पूर्वेची यादी लांबत गेली. प्रत्येक नावाच्या पाठीशी मुख्य आधार होता तो ‘हे त्यासारखे दिसते’ हाच.

या दिसण्याचा मोह किती ओढून नेतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गुंडेस्ट्रुपची चांदीची कढई. १८९१ साली डेन्मार्कमध्ये दलदलीतले पीट खणताना ती सुट्या पत्र्यांच्या रूपात सापडली. व्यास ६९ सेंटिमीटर, उंची ४२, वजन जवळपास नऊ किलो. आतल्या एका पत्र्यावर हरणाची शिंगे धारण केलेला, पाय दुमडून बसलेला पुरुष आहे. एका हातात गळ्यात घालायचा वळा, दुसऱ्यात मेंढ्याच्या डोक्याचा साप, भोवती प्राणी. हे चित्र पाहिल्यावर भारतीय वाचकाला मोहेंजोदडोची ‘पशुपती’ मुद्रा आठवली नाही तरच नवल. ते युरोपातल्या अभ्यासकांनाही आठवले. दुसऱ्या एका पत्र्यावर देवीच्या दोन्ही बाजूंना हत्ती आहेत, तिथे गजलक्ष्मी आठवली. १९९२ मध्ये टिमोथी टेलर या पुरातत्त्वज्ञाने ही कढई थ्रेसच्या, म्हणजे आजच्या बल्गेरिया-रुमानिया भागातल्या, चांदीच्या कारागिरांची असल्याचे मांडताना भारताशी असलेल्या या साम्यांकडेही लक्ष वेधले. थ्रेसचा मुद्दा मजबूत आहे, कारण तो ठोकून उठाव काढण्याच्या आणि मुलामा देण्याच्या पद्धतीवर उभा आहे. पशुपतीचा मुद्दा मात्र साम्यापुढे जात नाही. मुद्रा आणि कढई यांत सुमारे दोन हजार वर्षांचे अंतर आहे आणि मधल्या काळातला दुवा हाती नाही. शिवाय मुद्रेवरची शिंगे म्हशीची आहेत, कढईवरची हरणाची. म्हशीची शिंगे पाहून ती हरणाची कोरायची तर कारागिराच्या मनात आधी हरणाचा देव असायला हवा. आणि तो युरोपात होताच. उत्तर इटलीतल्या कामोनिका खोऱ्यातल्या खडकांवर शिंगे आणि हातातला वळा असलेली आकृती कढईच्या आधीच कोरलेली आहे.

हत्तींचे काय, असा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. डेन्मार्कच्या दलदलीत हत्ती हिंडत नव्हते. पण हत्तीसाठी गजलक्ष्मीपर्यंत जायची गरज नाही. चंद्रगुप्त मौर्याने सेल्युकसला पाचशे हत्ती दिल्याचे स्ट्रॅबो सांगतो. ग्रीस आणि बाल्कन ओलांडून अनातोलियात घुसलेल्या केल्टांना, म्हणजे गलातियांना, सेल्युकसचा मुलगा अँटिओकस याने इ.स.पू. २७०च्या आसपास हत्ती सोडूनच हरवले. त्या काळच्या ग्रीक नाण्यांवर हत्ती सर्रास आहेत, आणि गलाती सैनिकाला तुडवणाऱ्या हत्तीची मातीची मूर्ती मिरिना इथे सापडली आहे. तेव्हा केल्टांपर्यंत हत्ती पोहोचला तो देवीचा सेवक म्हणून पोहोचल्याचा पुरावा नाही. रणांगणातला धसका आणि नाण्यावरचे चित्र म्हणून पोहोचल्याचा आहे. पूर्वेचा हात इथे खराच आहे, पण तो मौर्यांच्या गजशाळेचा आहे, सिंधूच्या देवतेचा नाही. फरक बारीक वाटला तरी सगळा वाद त्याच फरकावर उभा आहे.

एक आक्षेप इथे भारतीय बाजूने हमखास येतो. केल्ट आणि वैदिक लोक एकाच इंडो-युरोपीय भाषाकुळातले, मग देवता, विधी आणि चिन्हे सारखी असणारच, असे म्हटले जाते. माइल्स डिलन या आयरिश विद्वानाने ‘केल्ट्स अँड आर्यन्स’ हा आपला ग्रंथ याच तुलनेवर लिहिला आणि तो १९७५ साली सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेने छापला. डिलनची तुलना राजधर्म, कायदा, छंद यांची आहे आणि त्या क्षेत्रांत ती विचार करायला लावते. परंतु भाषा आईकडून येते, धातुकाम उस्तादाकडून. मुशीत किती कथील घालायचे, मेणाच्या साच्याला हवा जायला वाट कुठे ठेवायची, हे कुठल्याही समान पूर्वजाकडून तीन हजार वर्षे आपोआप उतरत येत नाही. ते ज्ञान एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर, हातातून हातात जाते, आणि दोनच पिढ्या भट्टी थंड राहिली तर संपते.

हातातून हातात गेल्याचा पुरावा कसा दिसतो, ते जर्मनीतल्या होखडोर्फला पाहावे. श्टुटगार्टजवळची ही सरदाराची कबर योर्ग बील याने १९७८-७९ मध्ये उत्खनित केली, काळ इ.स.पू. ५३०च्या आसपासचा. कबरीत चारचाकी गाडा, सोन्याचे दागिने आणि सुमारे पाचशे लिटरची कांस्याची ग्रीक कढई होती. कढईच्या काठावर तीन सिंह बसवलेले आहेत. दोन ग्रीक ओतारीचे आहेत, तिसरा वेगळाच. त्याची ठेवण, डोके, अंगाची वळणे जुळत नाहीत. मूळचा सिंह हरवला किंवा मोडला असावा आणि ज्याने कधी सिंह पाहिला नाही अशा स्थानिक कारागिराने जोडीदार घडवला. माझ्या मते केल्ट कलेवरच्या परप्रभावाचा याहून सच्चा साक्षीदार नाही. फ्रान्समधल्या व्हिक्स इथल्या कबरीतला ग्रीक कांस्यकुंभ, १९५३ मध्ये सापडलेला, १.६४ मीटर उंच आणि २०८ किलो वजनाचा, कितीतरी भव्य आहे. पण तो फक्त एवढेच सांगतो की कोणाला तरी तो परवडला. होखडोर्फचा तिसरा सिंह सांगतो की कोणी तरी तो समजून घेण्याची धडपड केली, आणि आपल्या परीने समजून घेतला.

आता पोवळ्याकडे येऊ, कारण केल्टांचे धातुकाम आणि कोकणचा किनारा यांना जोडणारा सर्वांत थेट धागा पोवळ्याचा आहे, आणि त्याची दिशा अपेक्षेच्या उलटी आहे. फ्रान्सच्या लॉरेनमध्ये बास-यूट्झ इथे १९२७ साली सापडलेले दोन कांस्याचे सुरईवजा जग आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. घाट इट्रुस्कन, कानाच्या जागी वाकलेला लांबुडका प्राणी, तोटीवर इवलेसे बदक, आणि तळाशी व गळ्याशी पोवळ्याचे व लाल काचेचे जडावकाम. केल्ट सरदारांना लाल रंगाचे वेड होते. तलवारीची मूठ, शिरस्त्राण, ढाल यांवर भूमध्य समुद्रातले पोवळे बसवले जाई. रोमन लेखक प्लिनी, जो इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला, आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’ ग्रंथाच्या बत्तिसाव्या खंडात याची नोंद करतो आणि पुढे तक्रार करतो: पूर्वी गॉल लोक शस्त्रे पोवळ्यांनी सजवत, आता भारतात जाणाऱ्या निर्यातीमुळे पोवळे त्याच्या जन्मभूमीतच दुर्मीळ झाले आहे. त्याच शतकातला ‘पेरिप्लस’ भडोचला उतरणाऱ्या मालात मद्य, तांबे, कथील, शिसे यांच्या जोडीला पोवळे मोजतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अलकंदक’ नावाच्या पोवळ्याचा उल्लेख आहे आणि हे नाव अलेक्झांड्रियावरून आले असे अनेक अभ्यासक मानतात. भारतातून मोती जसे रोमन स्त्रियांसाठी जात तसे पोवळे भारतीय पुरुषांसाठी येते, असेही प्लिनी सुचवतो. मराठी घरात मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसणारे पोवळे एके काळी गॉलच्या तलवारीवरून काढून घेतल्यासारखे इकडे वळले होते, ही कल्पनाच मोहक आहे.

मोहक आहे म्हणूनच तपासली पाहिजे. प्लिनीचे म्हणणे शब्दशः घेतले तर असे व्हावे की इसवी सनाच्या सुरुवातीला भारताचा व्यापार वाढला, पोवळे महागले आणि केल्ट कारागीर लाल काचेच्या मिन्याकडे वळले. प्रत्यक्षात हे वळण त्याआधी कितीतरी लागले आहे. केल्ट धातुकामात पोवळ्याची भरभराट इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकांतली, तिसऱ्या शतकापासून लाल काच वरचढ होत जाते. रोमन जहाजे मोसमी वाऱ्यावर थेट भारतात येऊ लागण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर पूर्वेची बाजारपेठ उघडली आणि पोवळे तेव्हाच तिकडे वळले, अशी एक सूचना केली जाते. ती अशक्य नाही, पण तिला आधार थोडा. बास-यूट्झच्या जगांवर पोवळे आणि काच शेजारी शेजारी बसतात, म्हणजे काच ही टंचाईत शोधलेली पळवाट नव्हती, पोवळे मिळत असतानाही कारागिराला ती आवडली होती. काच वितळते, हवी तशी भरता येते, मोठ्या पृष्ठावर पसरवता येते; पोवळे घासून आणि टाचून बसवावे लागते. माझा निष्कर्ष असा की प्लिनीने आपल्या काळातली किंमतवाढ पाहिली आणि तिला जुन्या बदलाचे कारण ठरवले. पेठेतल्या भावावरून कलेचा इतिहास लिहिण्याची ही सवय आजही गेलेली नाही. तरीही प्लिनीची नोंद मोलाची आहे. तीवरून एवढे नक्की कळते की पहिल्या शतकात एकच लाल वस्तू गॉल आणि भारत या दोन टोकांच्या गिऱ्हाइकांकडे जात होती, आणि दोन्हीकडचे कारागीर एकमेकांना ओळखत नव्हते.

दोन टोके आणि मधला बाजार हे चित्र दख्खनमध्ये आणखी स्पष्ट होते. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४४-४५ मध्ये प्रा. कुंदनगार यांना कांस्यवस्तूंचा मोठा ठेवा मिळाला. त्यानंतर हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे तिथे पद्धतशीर उत्खनन केले. ठेव्यातली समुद्रदेव पोसायडनची वीतभरही नसलेली मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे आणि पाठ्यपुस्तकांतही पोहोचली आहे. पोसायडनबरोबर रोमन घाटाचा जग आणि इतरही काही आयात वस्तू होत्या, पण ठेव्याचा बहुतांश भाग स्थानिक आहे. पाठीवर माणसे बसलेला एक सुंदर हत्तीही त्यात आहे. कार्ल खंडालावाला यांनी १९६० मध्ये ‘ललित कला’त या ठेव्याची चिकित्सा केली, पुढे रिचर्ड द प्युमा यांनी त्यातल्या रोमन वस्तू वेगळ्या काढून अभ्यासल्या. इटलीतल्या कांपानियाच्या कारखान्यांतून निघालेली कांस्यभांडी जशी इकडे आली तशीच उत्तरेला केल्ट आणि जर्मन टोळ्यांच्या मुलखातही गेली. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५४ च्या ‘रोम बियाँड द इम्पीरियल फ्रंटियर्स’ मध्ये जर्मनी आणि भारत एकाच पुस्तकात घेतले ते उगाच नाही.

आता होखडोर्फची कसोटी कोल्हापूरला लावून पाहू. तिसरा सिंह कुठे आहे? हत्ती जवळ ठेवून पाहिला तर पोसायडनचा त्यावर काडीचा परिणाम नाही. माहुताचे बसणे, हत्तीच्या अंगाची गोलाई, स्वारांचे दाटीवाटीने चिकटलेले देह हे सगळे कार्ल्या-भाज्याच्या शिल्पांच्या घरातले आहे. पोसायडनचा उघडा, एका पायावर भार टाकलेला देह या ओतारीने पाहिला असेलही, पण उचलला नाही. इथे आक्षेप निघेल की नकारात्मक पुरावा हा पुरावा नसतो. उद्या दुसरी मूर्ती सापडली तर? सापडू द्या. पण एवढ्या ठेव्यात, एकाच भांडारात देशी आणि परदेशी वस्तू शेजारी असताना अनुकरणाची एकही ठळक खूण नसेल तर ती नकाराची खूण म्हणून वाचायला हरकत नसावी. शिवाय हा ठेवा नेमका कशासाठी जमला होता हेही विचारावे लागते. शौकिनाचे भांडार आणि तांबटाच्या दुकानातली मोड यांत फरक आहे. परदेशी भांडे मोडीत निघाले की ते प्रभावाचे साधन राहत नाही, कच्चा माल होते. ‘पेरिप्लस’च्या यादीत तांबे, कथील आणि शिसे येतात ते तरी काय म्हणून येतात? दख्खनच्या कांस्यात पश्चिमेचा धातू मुरलेला असू शकतो आणि तरीही त्याच्या आकारात पश्चिमेचा लवलेश नसू शकतो.

दख्खनचा तिसरा सिंह आहे, पण तो मूर्तींत नाही, नाण्यांत आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांच्या एका अंगाला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक लिपीतली अक्षरे, दुसऱ्या अंगाला ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरांत भाषा मात्र ग्रीक नाही, प्राकृतातले नावच तिथे ग्रीक लिपीत लिहिले आहे. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती अक्षरेही वाचता येईनाशी होतात; उभ्या-आडव्या रेघांची नुसती किनार उरते. केल्टांकडे नेमके हेच घडले. मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपचे सोन्याचे नाणे, एका बाजूला अपोलोचे डोके आणि दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ, भाडोत्री सैनिकांच्या हातून उत्तरेला गेले आणि गॉल-ब्रिटनमध्ये कित्येक पिढ्या नकलले गेले. होता होता अपोलोचे केस लाटा झाले, रथ विस्कटून चाक, ठिपके आणि उधळलेला घोडा उरला. जुने नाणकशास्त्रज्ञ याला ऱ्हास म्हणत. मला हा शब्द पटत नाही. ठसा खोदणाऱ्याला ग्रीक वाचता येत नव्हते हे खरे, पण त्याला घोडा काढता येत नव्हता असे ते नाणे पाहून कोण म्हणेल? त्याने परका ठसा आपल्या वेलबुट्टीच्या भाषेत बोलायला लावला.

जोगळटेंभीत याहून धीट गोष्ट दिसते. नहपानाला हरवल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारला. डोंगराची कमानदार खूण आणि उज्जैन चिन्ह नहपानाच्या चेहऱ्यावर बसले. काही नाण्यांवर खालून जुने नाक आणि ओठ अजून डोकावतात. हा नुसता राजकीय सूड होता, कलेशी त्याचा काय संबंध, असे विचारता येईल. संबंध पुढच्या पिढ्यांत कळतो. ज्या सातवाहनांनी मुखवटा पुसला त्यांनीच पुढे क्षत्रपांच्या वजनाची, राजाच्या मुखवट्याची चांदीची नाणी पाडली. यज्ञश्री सातकर्णीचे तसे एक नाणे मिळाले ते सोपाऱ्याला. १८८२ च्या वसंतात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला ‘बुरूड राजाचा कोट’ नावाचा टेकाडवजा स्तूप खणला. आत दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडा, त्याभोवती आठ लहान कांस्यमूर्ती, आणि करंड्यात एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा करंडा. सर्वांत आत भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि सोन्याची फुले. नाणेही त्याच ठेव्यातले. त्याच्या एका बाजूला राजाचा चेहरा आणि प्राकृत लेख, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि उज्जैन चिन्ह, भोवती द्राविडी वळणाच्या भाषेतला लेख. इंडो-ग्रीकांपासून निघालेली मुखवट्याची कल्पना क्षत्रपांच्या टांकसाळीतून सातवाहनांकडे आली आणि इथे येईतो तिच्यावरची ग्रीक अक्षरे गळून पडली होती.

तेर आणि तेलंगणातले कोंडापूर इथे मिळालेले मातीचे पदक हा याच कहाणीचा स्वस्त भाग. तिबेरियस सम्राटाच्या नाण्याचा छाप मातीत उमटवून, भाजून, वर भोक किंवा अडकन ठेवून ते गळ्यात घालायला केले जाई. रोमन सोने ज्याला परवडत नाही त्यानेही रोमन चेहरा छातीवर मिरवावा! नाण्याचा अर्थ संपला, दागिन्याचा सुरू झाला. अस्सल नाणे किती मिळाले यापेक्षा अशा नकला किती मिळाल्या याची मोजदाद प्रभावाच्या प्रश्नाला अधिक उपयोगी पडते, आणि संग्रहालयांच्या कपाटांत नेमकी हीच पदके कोपऱ्यात पडलेली असतात.

प्रभाव माणसांबरोबर येतो, मालाबरोबर नाही, असेही म्हणणारे आहेत. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक वा पाश्चात्त्य रहिवाशांनी, स्तंभ दान दिल्याचे लेख आहेत. मग यवन इथे राहत असताना त्यांची कला इथे कशी नाही? उत्तर त्याच स्तंभांवर आहे. कलशाचा पाया, घंटेचा माथा, वर जोडीने बसलेले स्वार हे सगळे देशी घडणीचे आहे. यवन दात्याने पैसे दिले आणि गावात जे घडत होते तेच घडवून घेतले. उलट दिशेने पाहायचे तर पाँपेईत १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी अगदी जवळची नाती सांगणारे हस्तिदंती तुकडे तेर आणि भोकरदन इथे आहेत, त्यामुळे ती दख्खनमध्येच घडली असावी हे मत बळकट आहे. ती कांपानियात पोहोचली म्हणून कांपानियाच्या कलेवर दख्खनचा प्रभाव पडला असे कोणी म्हणत नाही. मग पोसायडन कोल्हापुरात पोहोचला म्हणून उलटे विधान इतक्या सहज का केले जाते?

स्टेपच्या, म्हणजे रशियाच्या त्या गवताळ प्रदेशातल्या, घोडेस्वारांचा सिद्धान्त इथे फार वेळ घेण्यासारखा नाही, पण गाळूनही चालणार नाही. मध्य युरोपात हालश्टाटच्या आधी लगाम आणि घोड्याचा साज पूर्वेकडून आला असे मानतात. विदर्भात माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत घोडे पुरलेले आहेत, लोखंडी लगाम आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे पत्रे आहेत. लॉरेन्स लेश्निक यांच्यासारख्या अभ्यासकांनी यातही बाहेरचे दुवे शोधले. दोन्हीकडे शक्यता आहे, कारण घोड्याच्या तोंडात बसणारा लगाम घोड्याबरोबर आणि घोडेवाल्याबरोबरच प्रवास करतो. तो बघून शिकता येत नाही. म्हणून स्टेपचा हा दुवा मला पशुपतीच्या दुव्यापेक्षा कितीतरी अधिक मान्य आहे, जरी तो कमी आकर्षक असला तरी.

उरतो तो काळाचा प्रश्न, आणि तो सोपाऱ्याच्या पेटीतच सर्वांत अडचणीचा होतो. यज्ञश्रीचे नाणे दुसऱ्या शतकाच्या अखेरचे; तांब्याच्या करंड्याभोवती ठेवलेले सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाचे. एकाच पेटीत सहाशे वर्षे. म्हणजे स्तूप पुन्हा उघडला गेला, नव्या भक्तांनी नव्या मूर्ती ठेवल्या आणि जुने नाणे जागच्या जागी राहू दिले. तारखेशिवाय ही पेटी एकाच वेळी बंद झाली असे धरून चालले असते तर मुखवट्याच्या नाण्यापासून कांस्याच्या बुद्धापर्यंत ‘प्रभावा’ची सरळ रेघ ओढायला कोणालाही क्षणही लागला नसता. गुंडेस्ट्रुपच्या कढईबद्दल आणि दायमाबादच्या कांस्यवस्तूंबद्दलही अडचण हीच आहे. १९७४ साली झाडाचे मूळ काढताना सापडलेले दायमाबादचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथ मिळून साठ किलोंहून अधिक भरतात, पण ते थरात सापडले नाहीत, त्यामुळे हडप्पाशी त्यांचे नाते किती आणि काळ कोणता यावर मधुकर ढवळीकरांपासून डी. पी. अगरवालांपर्यंत एकमत झाले नाही. सोपाऱ्याचे नशीब थोडे बरे, कारण भगवानलालांनी काय कुठे होते ते लिहून ठेवले. ते अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. ज्याने ते चांदीचे नाणे पात्राच्या तुकड्यांसोबत पेटीत ठेवले त्याला त्यावरचा चेहरा यवनांच्या नाण्यांवरून आला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने तो राजाचा चेहरा होता, आणि चांदी खरी होती.